बंगळूरची खरी चव

सुट्टीत बंगळूरला गेलेली कुटुंबे लालबाग हौसेने पाहतात. जेवायला मात्र पंजाबी थाळीच शोधतात. शहराची चव राहूनच जाते.

लालबागेची फेरी झाली की जवळच्या ‘एमटीआर’ची, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्सची वाट धरावी. उडुपीकडच्या भावांनी १९२४ साली सुरू केलेले हे उपाहारगृह. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा रवा इडली येथेच जन्मली, असे सांगतात. सोबत बटाट्याचा सागू आणि तूप.

गांधी बाजारातील ‘विद्यार्थी भवन’ १९४३चे. तेथील जाडसर, कुरकुरीत मसाला डोशासाठी रविवारी रांगेची तयारी ठेवूनच जावे.

दक्षिण कर्नाटकातील शेतकऱ्याचे अन्न मात्र नाचणीचा उंडा, ‘रागी मुद्दे’. तो चावायचा नाही. घास सारात बुडवून गिळायचा. मांसाहारी मंडळींना तो ‘मिलिटरी हॉटेलां’त रश्श्यासोबत मिळतो. जयनगरचे ‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’ तर मराठा कुटुंबाने सुरू केलेले. तेथील ‘दोन्ने बिर्याणी’ प्रसिद्ध आहे. दोन्ने म्हणजे आपला द्रोणच!

मुलांना मुद्द्याचा पहिला घास रुचला नाही, तर तूप घालून दुसरा द्यावा. वरणभात काय, घरी परतल्यावर आहेच.