तारीख नसलेला राजीनामा

माझ्या अम्मीने सोलापुरात तीस वर्षे विड्या वळल्या. तिला सही करता येत नव्हती, अंगठा उठवायची. पण कायद्याच्या नजरेत ती कामगार होती. तिच्यासाठी १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा होता, कारखान्याचे कार्ड होते, भविष्य निर्वाह निधी होता. कारखानदाराने छाट जास्त काढली तर भांडायला युनियनच्या बायका होत्या. मी तिची मुलगी. एम.ए., बी.एड. झाले, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, आणि कायद्याच्या नजरेत मी कामगार नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. गोव्यातल्या एका शाळेने काढून टाकलेल्या शिक्षिकेने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली होती. तिचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८८ मध्ये निकाल लागला. शिकवणे हे अंगमेहनतीचे काम नाही, तांत्रिक नाही, कारकुनी नाही. ते उदात्त कार्य आहे, म्हणून शिक्षक 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, असा त्याचा आशय. त्याच निकालात न्यायालयाने हेही नोंदवले की संस्थाचालक शिक्षकांचे नाना प्रकारे शोषण करतात आणि त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी. पण लोकांच्या लक्षात राहते ते उदात्त कार्य.

आमच्याकडे त्याला 'कौम की खिदमत' म्हणतात. बारा हजारांच्या पावतीवर सही करायची, पाच हजार हातात घ्यायचे आणि कौमची खिदमत केली म्हणून घरी जायचे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही हदीस दरवर्षी आमच्या शाळेच्या जलशात कुणीतरी सांगतोच. पगार मात्र दोन-दोन महिने मागे असतो. आम्ही बसून काम करतो, घाम येत नाही, असे कदाचित संस्थेला वाटत असावे.

या शाळेत येण्यापूर्वी, २०१३ मध्ये, मी एका खाजगी इंग्रजी शाळेत मुलाखतीला गेले होते. पाठ घेतला, मुले रमली, मुख्याध्यापिका खूश दिसल्या. मग समितीतल्या एका गृहस्थांनी विचारले, "तुम्ही रोज हा स्कार्फ बांधूनच येणार का? पालकांना कसे वाटेल?" मी म्हटले, "पालकांना गणित कसे शिकवते हे विचारा." त्यानंतर तिकडून निरोप आला नाही. यात भेदभाव झाला हे मी कोणत्याही न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही, आणि करायला जाणार तरी कोणत्या कायद्याखाली? धर्माच्या कारणावरून नोकरी नाकारू नये असे संविधानाचे कलम १६ सांगते, पण ते सरकारी नोकरीपुरते. खाजगी मालकाला तशी मनाई करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या संशोधकांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावात होता. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश निघाली. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात समान संधी आयोगाची शिफारस केली, तो आयोग अजून कागदावरच आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीने एका तरुणाला, आम्ही फक्त गैरमुस्लिम उमेदवार घेतो, असे लेखी कळवले आणि गुन्हा दाखल झाला. गवगवा झाला तो लेखी होते म्हणून. तोंडी नकाराची दखल कोण घेणार?

बाहेरच्या या भेदभावावर आपण बोलतो, अंक काढतो, परिसंवाद घेतो. घरातल्यावर बोलायला मात्र आपली जीभ जड होते. २०१४ मध्ये मी सध्याच्या शाळेत लागले त्या दिवशी क्लार्कने नेमणुकीच्या पत्राबरोबर आणखी एक कागद पुढे केला. खाली सही, वर जागा कोरी, मजकूर राजीनाम्याचा. सगळ्यांकडून घेतात, म्हणाला. मी जुळ्या भाषांत वाढलेली. उर्दूत राज़ीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही बाजू राज़ी झाल्याचा कागद. मराठीत तो नोकरी सोडल्याचा कागद. आमच्या संस्थेने दोन्ही अर्थ एका पानात बसवले होते.

२०१९ मध्ये त्या कागदाचा उपयोग झाला. माझ्या एका सहकारी शिक्षिकेने चौथ्या महिन्यात बाळाची बातमी सांगितली. दिवाळीनंतर ती शाळेत आली तेव्हा हजेरीपत्रकात तिचे नाव नव्हते. तिच्या पाच वर्षांपूर्वीच्या सहीवर ऑक्टोबरची तारीख पडली होती. सदर साहेब मला म्हणाले, "बेटी, घर का मामला है, घर में रहने दो. और हम माइनॉरिटी हैं, हमें वो कायदा लागू नहीं होता."

तेव्हा मी तो कायदा वाचायला घेतला. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. उर्दूत मिळाला नाही, मराठीतला वाचताना शब्दकोश जवळ ठेवावा लागला. अनुदानित असो वा विनाअनुदानित, तो सर्व खाजगी शाळांना लागू आहे. अल्पसंख्याक शाळांना सवलत आहे ती मुख्याध्यापक आणि संस्थेने कळवलेल्या जास्तीत जास्त तीन जणांच्या नेमणुकीपुरती. बाकी स्टाफ कायद्याच्या आतच आहे. आणि कलम ७ वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी आपल्याकडे ठेवायची. १९७७ मध्ये हे कलम लिहिणाऱ्याला कोऱ्या राजीनाम्यांची चांगलीच माहिती असणार.

कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. आमच्या हातात अकरा दिवस उरले होते. तिच्या सासरचे तयार नव्हते, शौहर तयार झाला. वकिलांनी संस्थेला एकच प्रश्न विचारला, पोस्टाचा लिफाफा कुठे आहे? तो कुठून येणार? दोन तारखांनंतर संस्थेने तडजोड केली आणि तिला परत घेतले. तिला रजाही मिळाली. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या रोजंदारी बायकांनाही प्रसूती रजा द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेला २००० मध्येच सांगितले होते. शाळेतल्या बाईला त्यासाठी न्यायाधिकरण गाठावे लागले.

ग्रॅच्युइटीचेही असेच. २००४ मध्ये न्यायालयाने शिक्षकांना त्या कायद्याबाहेर ठेवले, संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून १९९७ पासून आत घेतले, आणि संस्थाचालक त्याविरुद्ध लढत राहिले ते २०२२ मध्ये हरेपर्यंत. उदात्त कार्याचा हिशेब असा मागून घ्यावा लागतो.

त्या खटल्यानंतर मी रजिस्टर पोस्टाने संस्थेला पत्र पाठवले: मी राजीनामा दिलेला नाही, माझी सही असलेला कोरा कागद परत करावा. सदर साहेब वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. दहावीचा वर्ग काढून मला पाचवी दिली. पण एका शुक्रवारी क्लार्कने एक बंद पाकीट माझ्या टेबलावर ठेवले आणि काही न बोलता निघून गेला.

आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही अकरा जणी आहोत. आतापर्यंत चौघींनी आपला कागद परत मागून घेतला आहे. बाकीच्या सात अजूनही ऑफिसच्या लोखंडी कपाटात आहेत. त्यांतल्या एकीचे पुढच्या महिन्यात लग्न आहे. काल तिने मला पोस्टाची वेळ विचारली.