थेंबाचा माग

सिएटलच्या बाजूला ऑक्टोबर लागला की पाऊस मुक्कामालाच येतो. आमचं जुनं चार आसनी विमान उघड्यावरच उभं असतं. पायलटच्या पायाखालचा गालिचा पुन्हा ओला लागला, तेव्हा मी आणि बायको पाण्याचा पाइप घेऊन गेलो. ही बाहेरून पाणी सोडणार, मी आत टॉर्च घेऊन आडवा. सुरुवात खालून करायची: आधी दाराचं रबर, मग पुढच्या काचेची कड, शेवटी वरचा पंख धडाला जुळतो तो सांधा. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरली, की पाणी गेलेल्या वाटेवर रेघ उमटते.

रेघ सांध्याशी उमटली. थेंब तिथून शिरला, पत्र्याच्या कडेनं सरकत दाराच्या खांबात उतरला आणि दिसेनासा झाला. किती निवांत चालला होता! बघताना मला भीतीच वाटली. गालिचा वाळतो, पण त्याखाली रिव्हेटभोवती साठणारी पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज, आणि गालिचा उचलल्याशिवाय ती दिसत नाही. इंधनाच्या टाकीतलं पाणी त्या मानानं बरं. ते निळ्या पेट्रोलखाली तळाशी बसतं, उड्डाणाआधी नमुन्याच्या नळीत पकडता येतं. या थेंबाला असं कुठे गाठणार?

पोटाखालची निचऱ्याची भोकं मातीनं बुजली होती, ती मोकळी केली. सांध्याचं सीलंट बदलायचंय. मागच्या खिडकीखालचा डाग कुठून येतो, ते अजून सापडलेलं नाही.