पलंगाखालून आलेलं गाणं

गाण्यात मध्येच दाताच्या डॉक्टरचं ड्रिल करकरलं आणि माझी जीभ आपोआप दाढेवर गेली. पुतण्यानं "काकाजी, हे ऐका" एवढंच म्हणून हेडफोन कानावर चढवला होता. गाणं 'बरी अ फ्रेंड', गाणारी बिली आयलिश. मार्च २०१९ मध्ये तिचा पहिला अल्बम आला तेव्हा ती १७ वर्षांची होती. लॉस एंजेलिसच्या घरात, मोठ्या भावाच्या, फिनियसच्या खोलीत दोघांनी तो रचला. ड्रिल तिच्याच दातांवरचं. 'बॅड गाय'मधली टिकटिक सिडनीतल्या पादचारी सिग्नलची, मोबाइलवर टिपलेली. 'बरी अ फ्रेंड'मध्ये तर पलंगाखालचा राक्षसच बोलतो. अल्बमला पॉप म्हणावं, हिपहॉप म्हणावं, तोवर युकुलेले वाजू लागते.

या सरमिसळीचं पूर्व विदर्भातल्या, आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला काय नवल! धान कापून झालं की गावोगाव शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि पटाच्या रात्री नाटक. दहाचं नाटक साडेअकराला सुरू होणार, उजाडता संपणार. रंगमंचावर सून छळानं मरते, बाया तोंडाला पदर लावतात, आणि डोळे कोरडे व्हायच्या आत ऑक्टोपॅडच्या दणक्यावर लावणी येते. वन्समोअर अर्थात लावणीला. मग विनोदी नट, मग पुन्हा रडारड. कुणाला ते विसंगत वाटत नाही. मलाही वाटलं नाही. खलनायक यायच्या आधी ऑर्गनवाला एक खर्जातला सूर धरून ठेवी. मी मामीच्या शालीत डोकं खुपसून तो संपायची वाट बघायचो. खलनायक आला की भीती पार ओसरायची. तो गावातलाच, दिवसा बियाणं विकणारा. त्याच्या आरोळ्यांनी हसूच यायचं.

बिली आरोळी देतच नाही. ती घशातल्या घशात गाते, आणि खाली बेसचा खर्ज. टीव्हीवरच्या स्पर्धांत नसा फुगवून तार सप्तक गाठणाऱ्या पोरापोरींना हे कुणी तरी ऐकवायला हवं. जानेवारी २०२० मध्ये तिनं ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार एका रात्रीत नेले. तसं त्याआधी फक्त ख्रिस्तोफर क्रॉसला जमलं होतं, १९८१ मध्ये.

पुतण्याही आता आवाज गोळा करत फिरतो. मी त्याला गोंदिया जंक्शन सुचवलं: मालगाडी सुटताना डब्यांना एकामागून एक बसणारे हिसके, इंजिनापासून पार गार्डाच्या डब्यापर्यंत धावत जाणारे. त्याला ते जुनाट वाटतं. त्याला राइस मिल हवी आहे, आणि मालक आत सोडत नाही.