चौथा नंबर

आमच्या घरात कधी बंदुकीचा विषय निघेल असे मला वाटले नव्हते. मी रेल्वेचा गँगमन, आता रिटायर. आयुष्य घण, पहार आणि गेजपट्टीवर गेले. पण २०२४ च्या जुलैअखेरीस चार दिवस आमच्या खोलीत रायफलशिवाय दुसरी गोष्ट नव्हती, आणि त्याला कारण माझी धाकटी मुलगी.

पॅरिस ऑलिम्पिक चालू होते. नेमबाजीचे सामने मात्र पॅरिसमध्ये नव्हते. ते दूर दक्षिणेला शातोरू नावाच्या गावी ठेवले होते. आपल्या रायफल संघाचे ते शेवटचे दिवस. मिश्र गटात हाती काही लागले नव्हते. सोमवारी २९ जुलैला रमिता जिंदाल अंतिम फेरीत सातवी आली आणि त्याच दुपारी अर्जुन बबुताचा दहा मीटर एअर रायफलचा सामना होता. धाकटीने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, या ना. बसा जरा."

मी बसलो. बबुता बराच वेळ वरच्या नंबरांत होता. मग एक गोळी ९.५ वर गेली. मी म्हणालो, "साडेनऊ म्हणजे चांगलेच की!" ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या पातळीवर साडेनऊ म्हणजे घात. बबुता चौथा आला. पदक दीड गुणाच्या आत हुकले. तो बाजूला उभा होता आणि पडद्यावर दुसऱ्यांचे सामने पुढे चालू झाले. मुलगी काही बोलली नाही. तांब्यातले पाणी प्यायली आणि ड्यूटीला गेली. ती औषधाच्या दुकानात काम करते.

इथे मागचे थोडे सांगायला हवे. २०१९ साली ती कॉलेजात एन.सी.सी.त होती. कॅम्पमध्ये पॉइंट टू टू रायफलने झोपून पाच गोळ्या मारायला दिल्या. पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. हवालदारसाहेबांनी तो कागद तिला घरी न्यायला दिला. म्हणाले, हिचा हात स्थिर आहे, हिला क्लबात घाला. तिने येऊन मला सगळे सांगितले. फी, गोळ्या, ते जाड जाकीट. मी आकडे ऐकले. तिच्या आईचे ऑपरेशन तोंडावर होते, थोरल्याची फी भरायची होती. मी म्हणालो, "नंतर बघू."

आपल्या घरात ‘नंतर बघू’चा अर्थ लेकरांना बरोबर कळतो. तिने पुन्हा विचारले नाही.

बुधवारी ३१ तारखेला पन्नास मीटर थ्री पोझिशनची पात्रता फेरी होती. गुडघ्यावर बसून वीस, झोपून वीस, उभ्याने वीस, अशा साठ गोळ्या. पन्नास मीटर म्हणजे रेल्वेचे दोन डबे आणि वर थोडे. तेवढ्या लांबून दहा गुणांचे वर्तुळ साडेदहा मिलिमीटरसुद्धा नाही, करंगळीच्या नखाएवढे. मिलिमीटर काय असतो ते मला शिकवावे लागत नाही. रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असते आणि ते गेजने तपासण्यात माझी नोकरी गेली. पण आमच्या हाताखाली लोखंड हलत नसे. ह्या पोरांच्या हातात आठ किलोपर्यंतची रायफल, आणि खाली स्वतःचे धडधडते काळीज.

आपले दोघे होते. स्वप्नील कुसाळेचे ५९० गुण झाले, तो सातवा येऊन अंतिम फेरीत गेला. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरचे ५८९ झाले आणि तो अकरावा राहिला. एकाच संघाची दोन पोरे, साठ गोळ्यांत एका गुणाचा फरक. एकाने उद्याची तयारी करायची, दुसऱ्याने बॅग भरायची.

स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक. २०१५ पासून मध्य रेल्वेत टी.सी. हे कळल्यावर आमच्या चाळीत तो एकदम ‘आपला’ झाला. धाकटीला मात्र त्याची वेगळीच कुंडली पाठ होती. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा. तिथून देशाला ऑलिम्पिकची जागा मिळाली, पण पदक नाही. २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये सोन्याच्या वाटेवर असताना एक गोळी ७.६ ला गेली आणि पुन्हा चौथा. "ह्याला चौथ्या नंबरचा शाप आहे," मी म्हणालो. "शाप नाही पप्पा," ती म्हणाली, "चौथा यायला पण तिथपर्यंत जावं लागतं."

गुरुवारी १ ऑगस्ट. अण्णाभाऊंची जयंती, वस्तीत सकाळपासून लाऊडस्पीकर. दुपारी एकला सामना सुरू झाला, तिकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ. आमच्या खोलीत दहाबारा माणसे, मोबाइल एक. गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा स्वप्नील सहावा. झोपून झाल्या, पाचवा. मग उभ्याने. पहिले दोघे बाद झाले तेव्हा तो तिसरा होता. त्यानंतर प्रत्येक गोळीला एकजण घरी जातो. जेव्हा चारजण उरले तेव्हा खोलीत कोणी श्वास घेत नव्हते. धाकटीने ओढणीचे टोक दातांत धरले होते.

बाद झाला तो दुसराच. स्वप्नीलला ब्राँझ नक्की झाले, एकूण ४५१.४ गुण. चीनच्या लिऊ युकूनला सोने आणि युक्रेनच्या सेर्ही कुलिशला रुपे. चाळीत आरडाओरडा. कोणीतरी १९५२ च्या हेलसिंकीची आठवण काढली. कुस्तीतल्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या माणसाला स्वतःच्या एकट्याच्या कामगिरीवर पदक, तेही ७२ वर्षांनी. पेढे आले. लोक मिरवणुकीकडे गेले.

पुढे पेपरात आले की त्या सकाळी स्वप्नीलच्या पोटात काही गेले नव्हते, काळा चहा पिऊन तो उतरला. हेही आले की आधीच्या दिवशी घरच्यांनी त्याला फोन केला नाही, त्याचे चित्त ढळू नये म्हणून. आणि गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढले होते, हेही. ती ओळ मी दोनदा वाचली. त्या मास्तरांनाही ‘नंतर बघू’ म्हणता आले असते.

पण मला सांगायचे आहे ते त्याच दुपारचे. साडेतीनला धाकटी परत मोबाइलपाशी बसली. मी म्हणालो, "झालं की आता." ती म्हणाली, "मुलींचं राहिलंय." अंजुम मौदगिल आणि सिफ्त कौर समरा. सिफ्तने नेमबाजीसाठी डॉक्टरकी सोडली आणि २०२३ च्या एशियाडमध्ये जागतिक विक्रमासह सोने जिंकले होते. बाहेर ढोल वाजत होता. सबंध चाळीत त्या दोघींचा सामना बघणारी आम्ही दोनच माणसे. धाकटी जुन्या कॅलेंडरच्या मागे गुण मांडत होती. अंजुमचे ५८४, अठरावी. सिफ्तचे ५७५, एकतिसावी. रायफल संघाचे काम तिथे संपले. पेढ्याचा पुडा तसाच उघडा पडला होता.

तिने कॅलेंडर गुंडाळून ठेवले. मी जरा वेळाने विचारले, "स्वप्नील किती वर्षांचा गं?"

"अठ्ठावीस. सहा तारखेला एकोणतीस होईल."

ती स्वतः तेव्हा चोवीसची. मी खिडकीतून बाहेर बघत विचारले, "त्या क्लबात आता महिन्याला किती घेतात?"

तिने न अडखळता आकडा सांगितला. फीचा वेगळा, गोळ्यांचा वेगळा, भाड्याच्या जाकिटाचा वेगळा.