प्रार्थनेनंतरची घटकाभर

आमच्या लहानपणी गोंदियाकडच्या गावांत आजाराची बातमी देवाच्या वाटेनं यायची. लेकराच्या अंगावर पुरळ उठलं की ‘माता आली’ म्हणायचे. दाराला कडुनिंबाची डहाळी लागायची, घरातली फोडणी बंद व्हायची आणि आई मातामायच्या दगडावर पाणी घालायला निघायची. ती डहाळी पाहिली की आम्ही पोरं दुरूनच वळायचो. एका डहाळीनं सगळ्या गावाला कळायचं.

आता डहाळी नाही, फोन वाजतो. गोवराची लस कधी, रक्ततपासणीचं शिबिर कुठे, सगळं भजनी मंडळाच्या नाहीतर विहाराच्या ग्रुपवर येतं. तेव्हा बातमी घराघराला विचारत यायची, आता एका क्षणात सगळ्यांच्या खिशात पोचते.

तेव्हा संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना व्हायची. बौद्ध वस्तीत वर्षावासाचे तीन महिने विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जायचा. वाचन संपलं, ग्रंथ कापडात गुंडाळला, तरी घटकाभर कुणी उठायचं नाही. ‘तुझ्या पोराचा ताप उतरला का गं?’ ‘मंगळवारी दवाखान्याची गाडी येणार आहे, सुनेला घेऊन ये.’ कोण आलं नाही हेही तिथेच कळायचं, आणि घरी जाता जाता कुणीतरी त्याच्या दारात डोकावायचं.

पण जिथे ही विचारपूस व्हायची, त्याच अंगणात लेकरं दुखण्यानं तळमळलीही. हातपाय सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे, हाडं ठणकायची. कुणी नजर म्हणायचं, कुणी करणी. गंडे बांधले जायचे, पुजाऱ्याकडे फेऱ्या व्हायच्या आणि दवाखाना सगळ्यात शेवटी आठवायचा. त्या अंगणात खोटं कुणी बोलत नव्हतं. खरं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता त्या दुखण्याला नाव आहे: सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी धानकापणीच्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांत हा आजार अधिक दिसतो. आईबाप दोघेही या आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 4 मध्ये 1 असते. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं 2047 पर्यंत हा आजार हटवायचं ठरवलं आहे. गोंड घरांत सोयरीक ठरवताना ‘तुम्ही किती देवांचे?’ असं विचारतात, कारण सारख्याच देवसंख्येच्या घरांत लग्न होत नाही. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेशी जमणाऱ्या आमच्या माणसांना सोयरिकीच्या बैठकीत आणखी एक प्रश्न जोडता येईल: ‘दोघांचं रक्त तपासलं का?’ देवांची संख्या विचारणाऱ्या समाजाला हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही.

मात्र कोरोनाच्या काळात त्याच फोनवर लसीविषयी भयंकर अफवाही आल्या. खरा निरोप आणि खोटा निरोप, दोन्हींवर तेच जोडलेले हात, तेच देवाचं चित्र. पूर्वी चुकीचा काढा सांगणारा चार घरं सोडून राहायचा. काढा बाधला तर त्याच्या दारात जाऊन जाब विचारता यायचा. अफवेला दारच नसतं.

आम्हाला ते गंडे परत नकोत. ज्या अज्ञानानं आमच्या सोबत्यांना नेलं, तेही नको. हवी आहे ती प्रार्थनेनंतरची घटकाभर. शिबिराचा निरोप आला की सगळे हात जोडल्याचं चित्र पाठवतात आणि सकाळी मोजकीच माणसं पोचतात. मग गावची आशा सेविका, आमची आशाताई, वही घेऊन गल्लीत शिरते, दारात बसते, नाव घेऊन विचारते, ‘लेकराला आणलं नाहीस?’ तिला विहाराच्या सतरंजीवर बसवा, प्रार्थनेच्या पाटावर जागा द्या. ग्रंथ गुंडाळून झाल्यावर लगेच उठू नका.