ठिगळाची मर्यादा

आपल्या भाषेनें ‘ठिगळ’ या शब्दावर मोठा अन्याय केला आहे. एखाद्याच्या लेखनास किंवा एखाद्या कायद्यास नांवें ठेवावयाचीं झालीं, कीं ‘नुसतीं ठिगळें लावलीं आहेत’ एवढें म्हटलें म्हणजे पुरतें. गोधडीचा मान तेवढा आपण राखला. बाकी जोडकाम म्हणजे दारिद्र्याची जाहिरात, अशी सुशिक्षितांची समजूत. ठिगळ कोठें शोभतें, कोठें तारतें आणि कोठें मारतें याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. तो विचार आम्हांस ऐकावयास मिळाला एका पत्र्याच्या कारागिराच्या तोंडून, आणि तोही एका गंजलेल्या मालमोटारीखालीं बसून.

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना कापूरहोळ लागतें. येथून एक रस्ता पश्चिमेस भोरला जातो व दुसरा पूर्वेस नारायणपूरवरून सासवडला. इतिहासाच्या वाचकांस हें गांव धाराऊचें म्हणून ठाऊक असेल. १६५७ सालीं पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांस जिनें दूध पाजलें, ती धाराऊ येथील गाडे घराण्यांतली. आमचा एक जुना विद्यार्थी याच टापूंतला. बी. ए. झाल्यावर चार वर्षें नोकरीची वाट पाहून तो मालवाहतुकीच्या धंद्यांत शिरला. तांदळाचीं पोतीं, विटा, लग्नाच्या मांडवाचें सामान, मिळेल तें भाडें तो वाहतो. गेल्या उन्हाळ्यांत त्याची गाडी फांट्याजवळच्या एका शेडमध्यें दुरुस्तीस उभी होती. ‘सर, एकदां येऊन बघाच,’ या त्याच्या आग्रहावरून आम्ही तेथें गेलों.

गाडी त्यानें कोंकणांतल्या एका मालकाकडून जुनीच घेतली होती. पहिल्या मालकाकडे ती बर्फांतली मासळी वाहत असे, आणि खारें पाणी वर्षानुवर्षें तिच्या अंगांत झिरपलें होतें. लोखंड गंजावयास प्राणवायु व पाणी हीं दोन पुरेशीं असतात. मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे विजेच्या सूक्ष्म प्रवाहांस वाट मिळते आणि गंजण्याचा वेग वाढतो. शिवाय गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगास आंतून उचलतो. रंगावर फोड दिसूं लागतात, तेव्हां खालचा पत्रा बराचसा गेलेला असतो. तांब्यावरचा हिरवा थर तांब्याचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत, ओल धरून ठेवणारा, आपल्याच घराचा घात करणारा.

आठ वर्षांवरच्या मालमोटारीस दरवर्षीं योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. लोक त्यास ‘पासिंग’ म्हणतात. पासिंग न झालें तर गाडी धंद्यावर नेतां येत नाहीं. जुनीं वाहनें मोडींत काढण्याचें धोरण सरकारनें २०२१ सालीं जाहीर केलें. ती वाट अशा गाडीस मोकळीच आहे. विद्यार्थ्यापुढें पासिंगचे तीन आठवडे उरले होते, आणि कर्जाचे हप्ते दीड वर्षाचे.

मिस्त्री साठीच्या घरांतले. हातांत लहानशी हातोडी घेऊन ते गाडीभोंवतीं फिरत, आणि वैद्यानें रोग्याच्या छातीवर बोटें वाजवावीं तसा पत्रा वाजवीत. निकोप पत्रा खणखणे. सडलेला बद्द वाजे. आवाज बदलला कीं ते खडूची रेघ मारीत, आणि ती रेघ डोळ्यांस दिसणाऱ्या भोकापासून चांगली चार बोटें दूर पडे.

‘मिस्त्री, एवढं कशाला कापतां?’ विद्यार्थ्यानें कळवळून विचारलें.

‘भोक दिसतंय, म्हणून ते गरीब. शेजारचं दिसत न्हाई, तो खरा चोर. चांगल्या लोखंडापर्यंत गेल्याबिगर टाका धरत न्हाई, मालक.’

नव्या पत्र्यास पैसे नव्हते. सारी मदार शेडमागच्या भंगारावर. जस्त चढविलेला छपराचा पत्रा मिस्त्रींनीं पहिल्यांदां बाजूस सारला; वेल्डिंगच्या आंचेनें जस्ताचा धूर होतो, आणि तो छातींत गेला कीं रात्रीं थंडी वाजून ताप भरतो. केबिनच्या फरशीसाठीं त्यांनीं डांबराचें रिकामें पिंप निवडलें. पिंपास प्रथम ज्योत लावावयाची नाहीं, कारण आंत कोंडलेली वाफ भडकते. म्हणून तें छिन्नीनें फोडून उलगडलें, खरवडलें आणि ठोकून सपाट केलें. दारांसाठीं एका मोडींत निघालेल्या मालमोटारीचा पत्रा घेतला, कारण त्याची जाडी जुळत होती. जाड पत्र्यास पातळ जोडूं गेलें तर पातळ आधीं जळून जातो. टाकेही सलग घातले नाहींत. एक येथें तर दुसरा तेथें, म्हणजे उष्णतेनें पत्रा वांकडा होत नाहीं. जेथें पत्र्यावर पत्रा चढवावा लागला, तेथें कौलांप्रमाणें वरचा खालच्यावर, पाणी सांध्यांत न शिरतां ओघळून जावें असा.

तिसऱ्या दिवशीं आम्ही पुनः गेलों, तेव्हां शेडमध्यें शांतता होती. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या घांसल्यावर निकोप निघाल्या होत्या. पण मागची एक आडवी पट्टी गंजानें इतकी खाल्ली होती, कीं पेचकस आरपार गेला.

‘यावर एक पत्रा मारा आणि काळा रंग द्या,’ विद्यार्थी म्हणाला. ‘पासिंगला कोणाला कळणार नाहीं.’

मिस्त्रींनीं हातोडी खालीं ठेवली. ‘त्यांना न्हाई कळणार. घाटात भरल्या गाडीनं उतरताना गाडीला कळंल. केबिनचा पत्रा पाऊस अडवतो, ही पट्टी वझं धरते. पावसाला ठिगळ चालतं, वझ्याला न्हाई.’

पट्टी सबंध बदलावी लागली. त्यांत आणखी पांच दिवस गेले, दोन मोठ्या भाड्यांइतके पैसे गेले, आणि ते विद्यार्थ्यानें मामाकडून उसने आणले. त्या दिवशीं तो आमच्याशींही नीट बोलला नाहीं. पासिंग मात्र वेळेवर झालें.

प्लुटार्कनें थीसियसच्या जहाजाची हकीकत नोंदविली आहे. अथेन्सचे लोक त्याची कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेले, आणि हें जहाज तेंच कीं दुसरें यावर तत्त्वज्ञ वाद घालीत राहिले. मोटारीपुरता हा वाद नोंदणीच्या दप्तरानें मिटविला आहे. पत्रा किती बदलला हें तेथें कोणी विचारीत नाहीं. चासीवर ठोकलेला क्रमांक पाहतात. जें ओझें धरतें, तेंच गाडीची ओळखही धरतें. संस्था, अभ्यासक्रम, घरांतले जुने शिरस्ते यांना जोड देतांना आपण हातोडी कितींदां वाजवितों, आणि नुसता काळा रंग कितींदां देतों, हें ज्याचें त्यानें पाहावें.

काम संपत आलें तेव्हां ठिगळांच्या कडा लांबी भरून गुळगुळीत कराव्या, अशी विद्यार्थ्याची इच्छा होती. मिस्त्रींनीं दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं चार भोकें पाडलीं, पत्र्यास तांबडा प्रायमर दिला, आणि कडा तशाच राहूं दिल्या. म्हणाले, ‘दिसू देत की. पुढल्या साली कुठं वाजवायचं, ते कळाय पायजे.’