खाकीची घडी

कोणाच्या घरात एनसीसीचा कॅडेट आहे, हे आमच्या वाड्यावर शनिवारी कपड्यांच्या दोरीकडे पाहिलं की कळायचं. दोरीवर खाकी शर्ट आणि खाकी पँट, आणि खाली उन्हात तोंड उघडं करून ठेवलेले काळे बूट. त्या दिवशी उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ कोणी प्यायची नाही. ती गाळून कपड्यांची खळ व्हायची. खळ दिलेली पँट वाळली की माणसाशिवाय उभी राहायची. मग करवंट्यांचे कोळसे पेटवून जड लोखंडी इस्त्री तापवायची, घडीवर ओला पंचा घालायचा आणि बाहीची रेघ अशी पाडायची की कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी तिच्यावर बोट फिरवावं आणि काही न बोलता पुढे जावं. उस्ताद काही बोलले नाहीत, हीच शाबासकी.

पट्ट्याचं पितळी बक्कल घासायला ब्रासो मिळायचं, पण आमच्याकडे ते देवघरातल्या समयीबरोबर आमसुलानेच घासलं जायचं. बेरे टोपी भिजवून पितळी तांब्यावर ओढून बसवायची, म्हणजे डोक्यावर तिची बैठक नीट यायची. मोजे फाटले तर काकी दिव्याखाली रफू करायची. गणवेश आपला नव्हे, युनिटचा. वर्षअखेरीस परत करायचा, बटणं मोजून. त्यामुळे बटण तुटलं तर ते शोधायला अख्खं घर सोप्यावर वाकायचं. बूट मापाचे मिळाले तर नशीब. मोठे मिळाले तर पुढे वर्तमानपत्र कोंबायचं. लहान मिळाले तर पेडण्यापासून म्हापशापर्यंत ज्याच्या पायाला लहान बूट होतील असा कॅडेट शोधायचा आणि अदलाबदल करायची. आजीचं म्हणणं एकच, "पुता, ते बूट भायरच दवर रे." बूट बाहेरच राहायचे, पण पावसाची सर आली की त्यांना आत घ्यायला आजीच पहिली उठायची.

गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. पुढच्या एक-दोन वर्षांत इथे महाविद्यालयं उघडली: मडगावला चौगुले, पणजीला धेंपे, 1963 साली म्हापशाला सेंट झेवियर्स. 1962 च्या चीन युद्धानंतर, त्याच 1963 साली, महाविद्यालयातल्या सशक्त मुलांना देशभर एनसीसी सक्तीची झाली. ती 1968 पर्यंत होती. म्हणजे गोव्याच्या पहिल्यावहिल्या कॉलेजकुमारांच्या हातात पुस्तक आणि रायफल एकदमच आली. आमच्या थोरल्या काकांची पिढी ती. आम्ही मागून आलो तेव्हा सक्ती राहिली नव्हती, पण काकांचा धाक होता आणि तो सक्तीपेक्षा कडक होता.

घरातल्या जुन्या माणसांना त्या रायफलीचं काय वाटलं असेल, हे आम्हांला फार उशिरा कळलं. आमचा पेडणे तालुका 1788 पासून पोर्तुगिजांकडे. त्या जुन्या माणसांच्या आयुष्यात बंदूक होती ती पाखल्याच्या, म्हणजे पोर्तुगीज शिपायाच्या हातात. पत्रादेवीच्या नाक्यावर 15 ऑगस्ट 1955 ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल तिथे पडला. त्या दिवसाविषयी पेडण्याच्या घराघरांत नंतर कितीतरी वर्षं दबक्या आवाजातच बोललं जायचं. पलीकडे सावंतवाडीकडच्या गावांत घरटी एक माणूस मराठा रेजिमेंटमध्ये, भिंतीवर पदकं, पेन्शनीची तारीख साऱ्या गावाला पाठ. अलीकडे आमच्याकडे यातलं काहीच नाही. नातेवाईक तेच, भाषा तीच, मध्ये फक्त चेकनाका. आपल्या पोराने आपल्या देशाच्या सैन्याचा गणवेश घालून सकाळी अंगणातून निघायचं, ही गोष्ट आमच्या आजीच्या पिढीने पहिल्यांदा पाहिली. तिने कधी त्याचं कौतुक तोंडाने केलं नाही. पण परेडच्या दिवशी चूल ती इतरांआधी पेटवायची.

परेडला जाणं हीच निम्मी परेड. मांद्रे-मोरजीकडच्या मुलांना चोपड्याहून फेरीबोटीने शिवोलीला उतरायचं, मग कारेर, म्हणजे बस पकडायची. डिचोलीच्या मुलांच्या वाटेवर खनिजाचे ट्रक. घरून निघताना पांढऱ्याशुभ्र असलेल्या रुमालाने मैदानावर पोचेपर्यंत बुटांवरची तांबडी धूळ पुसून पुसून विटकरी रंग घेतलेला असायचा. इस्त्री मोडू नये म्हणून कित्येक जण रिकाम्या गाडीतही उभ्याने जायचे. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "बस रे सायबा," म्हणायचा, आणि कोणी बसायचं नाही.

मैदानावर सगळे हुकूम हिंदीत. सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, तेज चल, थम. रेडिओच्या गाण्यांपलीकडे ज्यांना हिंदी येत नव्हती त्यांची हिंदी इथून सुरू झाली. आम्ही अंगणात सराव करायचो, ते ऐकून ऐकून आजीही शिकली. परसात शिरलेल्या शेजारच्या गाईला ती 'पीछे मुड' म्हणायची, आणि गाय वळायचीसुद्धा. परेड संपली की नाश्ता. समोसा, केळं, कधी पुरी-भाजी. फायरिंगचा दिवस असला तर पॉइंट टू-टू रायफल, पोटावर पालथं पडून, उजवा गाल लाकडाला टेकवून. खांद्याला धक्का असा काही नसायचा, तरी घरी आल्यावर खांदा दुखतो म्हणून सांगायचं आणि खोबरेल चोळून घ्यायचं.

आणि शिबिर! दहा दिवसांचं वार्षिक शिबिर म्हणजे घरात लग्नाएवढी गडबड. पत्र्याची पेटी, त्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर, कांबळं, थाळी, मग, शिवणाचं पुडकं. शीत-कडीवर वाढलेली मुलं पहाटेच्या धावण्यानंतर लंगरात राजमा आणि जाडजूड पुऱ्या पाहून पहिले दोन दिवस तोंड वळवायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत लागायची. खारे बांगडे पेटीत लपवून नेणारा एकतरी कॅडेट दर तंबूत असायचाच. लपत काहीच नसे. वास आधी पोचायचा. उस्तादांनी शिक्षा म्हणून फ्रॉग जंप करायला लावले आणि मग एक बांगडा चाखायला मागितला, हा किस्सा प्रत्येक घर आपल्याच मुलाचा म्हणून सांगतं.

नेतृत्व हा शब्द तेव्हा कोणी उच्चारत नसे. सेक्शनमधला एक मागे पडला तर सगळ्यांनी थांबायचं. ज्याला लान्स कॉर्पोरलची फीत मिळाली त्याने शेवटी जेवायचं. तंबूतली माणसं झोपायच्या आधी मोजायची, आणि एक कमी भरला तर कंदील घेऊन आपणच निघायचं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर दहा जणांची जबाबदारी टाकायची आणि ती तो कशी पेलतो हे बघत लांब उभं राहायचं, एवढंच ते शिक्षण. आज नेतृत्वाचे वर्ग फी भरून, थंडगार खोलीत होतात. त्यातही काही चांगलं असेल. पण चिखलात रुतलेला सोबती खांद्यावर घेतल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही, असं आमच्या पिढीला मनापासून वाटतं.

आमच्यातले जे थोडे एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी-निवडीच्या मुलाखतीपर्यंत गेले, त्यांनी येऊन सांगितलेलं आम्ही अजून सांगतो. पाच दिवस. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, एकेका शब्दावर वाक्य लिहायला लावतात. मग मैदानात गटाला फळ्या, दोर आणि एक पिंप देतात. मध्ये जमिनीला पाय न लावता सगळ्यांनी सामानासकट पलीकडे जायचं. शहरातली मुलं वाद घालत बसली. आमच्या पेडण्याच्या मुलाला ते दर पावसाळ्यात व्हाळावर माडाचे ओंडके टाकून घातलेल्या साकवासारखं वाटलं. कुठल्या टोकाला वजन द्यायचं, आधी कोणाला सोडायचं, घाबरणाऱ्याला मधोमध घ्यायचं, हे त्याला शिकवायला लागलं नाही. इंग्रजी बेताचं होतं, तरी गट त्याच्यामागून गेला.

मुलींचं नाव घालायला मात्र घरं कचरली, हे लिहायलाच हवं. आत्याला परेडला जायचं होतं. लोक काय म्हणतील एवढ्यावर ते राहिलं. तिने भावांच्या गणवेशांना इस्त्री केली आणि कवायतीचे सगळे हुकूम पाठ केले. 1992 पासून स्त्रियांना वैद्यकीय सेवांपलीकडेही सैन्यात अधिकारी म्हणून घेऊ लागले, 2022 मध्ये खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. आत्याच्या नातीला आता कोणी अडवत नाही, आणि तिची इस्त्री आत्याच तपासते.

आता विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ अंबिये महाविद्यालय आहे, साखळीला सरकारी महाविद्यालय आहे, डिचोलीत झांट्ये महाविद्यालय आहे. फेरीबोटीसाठी पहाटे उठायला नको. मोपाच्या उघड्या सड्यावर विमानतळ झाला. तरी सैन्यातला अधिकारी म्हटलं की आमच्या तालुक्यांतली घरं अजून ते दुसऱ्यांचं काम समजतात. वाट मात्र उघडी आहे. एनसीसीचं सी प्रमाणपत्र किमान बी श्रेणीत आणि पदवीला किमान 50 टक्के गुण असले, तर एनसीसी विशेष प्रवेशाला लेखी परीक्षा नाही. अर्जांतून निवड झाली की थेट एसएसबीची मुलाखत, आणि तिथून 1963 साली सुरू झालेल्या चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत 49 आठवडे. आपल्या घरातलं पोर यंदा कॉलेजात जात असेल, तर एनसीसीच्या यादीत त्याचं किंवा तिचं नाव पहिल्याच वर्षी घाला. सी प्रमाणपत्राला तीन वर्षं लागतात. दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर पदवीपर्यंत ते हातात पडत नाही.